८८ किलो वजन, पुण्याच्या आसपासचे ट्रेल: कुठली एन्ड्युरो घ्यावी आणि तिचं सस्पेन्शन कसं लावावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. उंची ५ फूट ६ इंच, वजन ८८ किलो, राहायला कोथरूडला. सध्या हीरोची साधी एक्सपल्स २०० ४व्ही मोटारसायकल आहे. शनिवार-रविवारी मुळशी, पानशेत, वेल्हे भागात फिरता. आता एन्ड्युरो, म्हणजे दगड-मातीच्या वाटांवर चालवायची मोटारसायकल, घ्यायला चार लाखांच्या आतबाहेर खर्च करायची तयारी आहे आणि केटीएम ३९० एन्ड्युरो आर, कावासाकी केएलएक्स २३० आणि एक्सपल्स २१० या तिघींत सगळ्यात चांगलं सस्पेन्शन कुणाचं, असं विचारताय. शिवाय मित्र सांगतोय की कुठलीही घे, मागचा प्रीलोड (स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवायची ते ठरवणारी रिंग) आवळला की वजनाचा प्रश्न मिटतो.

मित्राचा सल्ला चुकीचा आहे, एवढं आत्ताच सांगतो. का ते पुढे येईल. मी पुण्यात सस्पेन्शनचंच काम करतो. ‘गाडी आपटते’, ‘गाडी उडवते’ म्हणून जी गाडी माझ्याकडे येते, तिच्यात बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. तिची स्प्रिंग चालवणाऱ्याच्या वजनाची नसते, इतकंच. त्यामुळे ‘कुणाचं सस्पेन्शन चांगलं’ यापेक्षा तुमचा खरा प्रश्न असा आहे, असं मी धरतो: बूट, हेल्मेट, नी-गार्ड, पाण्याची पिशवी मिळून जवळपास ९८ किलो होणाऱ्या माणसाला, आपल्याकडच्या दगडात आणि चिखलात, एकट्याला उचलता येईल अशी कुठली गाडी परवडेल, आणि ती त्याच्या वजनाला लावून घेता येईल का?

आकडे आधी उरकून टाकू. ट्रॅव्हल म्हणजे चाक वर-खाली किती हलू शकतं ते. तुमच्या एक्सपल्सला ते पुढे १९० आणि मागे १७० मिमी आहे. एक्सपल्स २१० ला पुढे २१०, मागे २०५ मिळालं, सीट ८३० मिमीवर. केएलएक्स २३० डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याकडे आली ती पुढे २४०, मागे २५० आणि सीट ८८० घेऊन. ३९० एन्ड्युरो आर एप्रिल २०२५ मध्ये आली तेव्हा तिला पुढे २००, मागे २०५ एवढंच ट्रॅव्हल होतं आणि सीट ८६० होती. लोकांनी ओरड केल्यावर थोड्याच दिवसांत परदेशात मिळणारी, दोन्हीकडे २३० ट्रॅव्हलची आवृत्ती इथेही विक्रीला आली. तिची सीट ८९०. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे नीट बघावं, कारण दोन्ही गाड्या लांबून सारख्याच दिसतात. कंपन्या दरवर्षी हे आकडे हलवतात, तेव्हा जी गाडी घेणार तिच्याच कागदावरचे आकडे वाचा, यूट्यूबवरचे नकोत.

आता या आकड्यांचा अर्थ. ट्रॅव्हल ही फक्त जागा आहे. त्यातली किती जागा तुम्ही नुसतं बसल्याबसल्या खाऊन टाकता, ते तुमचं वजन आणि स्प्रिंग मिळून ठरवतात. समजा २५० मिमीच्या गाडीवर तुम्ही बसलात आणि स्प्रिंग मऊ असल्यामुळे गाडी ११० मिमी खाली गेली. खड्ड्यासाठी, दगडासाठी उरले १४०. दुसरी गाडी २०५ ची, पण तिची स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे आणि ती ६५ मिमीच बसली. तिथेही १४० च उरले. कागदावर ४५ मिमीचा फरक होता, ट्रेलवर शून्य. उलट पहिल्या गाडीचं मागचं अंग सतत बसलेलं राहणार, त्यामुळे पुढचं चाक हलकं होणार, वळणावर बाहेर पळणार आणि चढावर उचललं जाणार. म्हणून मी गाड्यांची तुलना ट्रॅव्हलने सुरू करत नाही.

मी सुरू करतो वजनापासून. पेट्रोलसकट केएलएक्स साधारण १३९ किलो, एक्सपल्स २१० १६८ किलो, एन्ड्युरो आर १७७ किलो. ताकद त्याच क्रमाने साधारण १८, २४.६ आणि ४६ पीएस. कोथरूडहून निघून चांदणी चौक, पौड, मुळशी असा डांबरी रस्ता कापताना ४६ पीएस फार गोड वाटतात, यात वाद नाही. पण वेल्ह्याच्या मागे एखाद्या पाणंदीत जुलै महिन्यात गाडी आडवी झाली, हँडल गुडघाभर चिखलात गेलं आणि सोबतचा मित्र अर्धा किलोमीटर पुढे निघून गेला, की १३९ आणि १७७ मधला ३८ किलोंचा फरक पाठीला कळतो. पहिल्यांदा उचलताना नाही. पाचव्यांदा उचलताना. थकल्यावर माणूस उभा राहून चालवणं सोडतो, सीटवर बसतो, आणि मग सगळे दणके सस्पेन्शनऐवजी कण्यातून जातात. कितीही भारी फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) असला तरी तिथे त्याचा उपयोग संपला.

दुसरी गोष्ट फोर्कच्या आतली, आणि इथे मात्र केटीएम स्पष्टपणे पुढे आहे. केएलएक्सचा ३७ मिमीचा फोर्क साध्या पद्धतीचा आहे. आत एक नळी, तिला ठरावीक आकाराची भोकं, त्यातून तेल जातं. भोकांचा आकार बदलत नसल्यामुळे या फोर्कला एक स्वभावदोष असतो: फोर्क हळू दबताना तेल आरामात निसटतं, म्हणून पुढचा ब्रेक लावला की गाडी नाक खुपसते, आणि दगडावर जोरात आदळताना तेलाला त्याच भोकांतून पळायला जागा पुरत नाही, म्हणून एकदम कडक दणका मनगटात येतो. वेग दुप्पट झाला की विरोध साधारण चौपट होतो. एकच फोर्क मऊही वाटतो आणि कडकही, त्याचं कारण हे. एक्सपल्सवर तुम्हाला हा अनुभव आलाच असेल. एन्ड्युरो आरचा ४३ मिमीचा डब्ल्यूपी कंपनीचा फोर्क कार्ट्रिज पद्धतीचा आहे. त्यात पातळ चकत्या असतात, जोराचा दणका बसला की त्या वाकतात आणि तेलाला जास्त वाट करून देतात. शिवाय कॉम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) आणि रिबाउंड (परत उघडताना होणारा) दोन्ही बाहेरून, क्लिक मोजत बदलता येतात. केएलएक्सच्या फोर्कला बाहेरून काहीही फिरवायला नाही. जे करायचं ते फोर्क उघडून, म्हणजे स्प्रिंग, तेलाचा जाडपणा आणि तेलाची पातळी.

मग सरळ केटीएम घ्या, असं का म्हणत नाही? कारण हा फरक कुठल्या वेगाला जाणवतो ते बघावं लागतं, आणि ते आपल्या मुलखावर अवलंबून आहे.

पावसाळ्यात मुळशी-वेल्हे भागात तुम्ही जे चालवता ते बहुतेक पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगाचं असतं. भातखाचराच्या कडेची वाट, ओढ्यातले गोटे, शेवाळ धरलेले बेसॉल्टचे धोंडे, वर गेलं की कुठेकुठे जांभा. इथे चाक दगडावर आपटत नाही, दगडावर चढतं. या वेगाला साधा फोर्कही काम भागवतो. हवं असतं ते सुरुवातीच्या ५०-६० मिमीतलं मऊपण, हलकी गाडी आणि खालच्या गिअरमध्ये न बंद पडणारं इंजिन. त्याच तुम्ही जानेवारीत दिवे घाट ओलांडून सासवड-पुरंदरकडे गेलात, की चित्र पालटतं. कडक मुरूम, बैलगाडीच्या चाकोऱ्या, ट्रॅक्टरने पाडलेल्या ओळीने लाटा, आणि वेग पन्नास-साठ. तिथे साधा फोर्क दोन तासांत हात सोलून काढतो आणि कार्ट्रिज फोर्क आपली किंमत वसूल करून देतो. तेव्हा वर्षातले तुमचे दिवस कुठल्या जमिनीवर जातात, हे आधी स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. तुम्ही लिहिलेली तिन्ही नावं पश्चिमेकडची आहेत, म्हणून मी तुम्हाला पहिल्या प्रकारात धरतोय.

जाता जाता: ताम्हिणीकडचा बराच भाग अभयारण्यात येतो, आणि टेकड्यांवरच्या पुष्कळ वाटा वनखात्याच्या जमिनीवरून जातात. तिथे गाडी घालू नका. खाचराच्या बांधावरून जायचं तर मालकाला विचारा. दोनचार पोरांनी नव्या गाड्यांच्या नादात बांध फोडले की पुढची दोन वर्षं त्या गावातून सगळ्यांनाच हाकलतात.

आता प्रीलोड. प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. पलंगाच्या पायांखाली विटा ठेवल्या म्हणून गादी कडक होत नाही, पलंग फक्त उंच होतो, इथेही तेच. ती रिंग फिरवली की गाडीचं मागचं अंग वर येतं, पण दर मिलिमीटर दाबायला लागणारं बळ तेवढंच राहतं. ते बळ वाढवायचं तर स्प्रिंगच बदलावी लागते. प्रीलोडचं काम उंची जुळवण्याचं आहे, आणि ती जुळली का हे मोजायच्या मापाला सॅग म्हणतात.

सॅग मोजायला टेप, कागद-पेन आणि दोन माणसं लागतात. मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर, मडगार्डवर किंवा साइड पॅनेलवर एक खूण करा. पहिलं माप गाडी स्टँडवर, मागचं चाक पूर्ण अधांतरी असताना. दुसरं माप गाडी चाकांवर, सरळ उभी, कुणी न बसता. तिसरं माप तुम्ही बूट-हेल्मेटसकट पूर्ण गिअर घालून, पाय फूटपेगवर, नेहमी जिथे बसता तिथे बसलेले. एकाने पुढून गाडी तोलायची, दुसऱ्याने मोजायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की गाडीचा स्वतःचा सॅग. पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग. दर मापाआधी गाडी दोनतीनदा दाबून सोडा, नाहीतर सीलच्या घर्षणामुळे आकडा फसवतो.

रायडर सॅग ट्रॅव्हलच्या ३० ते ३३ टक्के असावा, हा चांगला आरंभबिंदू आहे. म्हणजे २५० मिमीला साधारण ७५ ते ८२, २३० ला ७० ते ७६, २०५ ला ६२ ते ६८. गाडीचा स्वतःचा सॅग ट्रॅव्हलच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

खरी गंमत दोन्ही आकडे एकत्र वाचण्यात आहे, आणि ऐंशी टक्के गॅरेजांत नेमकं हेच होत नाही, असं म्हटलं तरी चालेल. समजा नवीन केएलएक्सवर तुमचे आकडे आले: स्वतःचा सॅग २२, रायडर सॅग १००. मित्राच्या सल्ल्याप्रमाणे तुम्ही प्रीलोड आवळत गेलात आणि रायडर सॅग ८० वर आणला. दोन्ही सॅग बरोबरीने कमी होतात, म्हणून स्वतःचा सॅग आता २ वर आला. रायडर सॅग कागदावर बरोबर, पण गाडी मोकळी असताना जवळजवळ टोकाला ताणलेली. खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागाच नाही, ते हवेत राहतं. उतारावर मागचं अंग उसळी मारतं. याचा अर्थ स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. रायडर सॅग बरोबर असताना स्वतःचा सॅग फार कमी येत असेल तर स्प्रिंग मऊ, फार जास्त येत असेल तर स्प्रिंग कडक. दुसरं वाक्य उलटं वाटतं, म्हणून लोक अडखळतात. कडक स्प्रिंगला आवळावं कमी लागतं, म्हणून मोकळी गाडी जास्त बसते. एवढं लक्षात घेतलं की झालं.

८८ किलोला या गाड्यांच्या मूळ स्प्रिंग पुरतील का, याचं उत्तर मोजल्याशिवाय ठामपणे देता येत नाही. माझा अंदाज विचाराल तर केएलएक्सचा पुढचा फोर्क तुम्हाला नक्की मऊ पडेल, मागचं बहुधा. एक्सपल्स २१० मध्ये मागे डबलसीटचा विचार करून स्प्रिंग दिलेली असते, त्यामुळे एकट्या जड माणसाला मागचं बऱ्यापैकी जमून जातं आणि पुढचं मऊ राहतं. मग गाडी पुढे झुकलेली वाटते. एन्ड्युरो आरमध्ये पुढचं-मागचं संतुलन तिघींत सगळ्यात बरं आहे.

यावर काहीजण म्हणतात की जास्त पैसे टाकून खरी एन्ड्युरोच घ्या. केटीएमने नोव्हेंबर २०२४ मध्ये ३५० ईएक्ससी-एफ इथे आणली, जवळपास तेरा लाखांना. पुढे ४८ मिमीचा फोर्क, ३०० मिमी ट्रॅव्हल, वजन पेट्रोल न धरता १०५ किलोंच्या आसपास. गाडी अप्रतिम आहे, पण तिला नंबरप्लेट मिळत नाही, म्हणजे दर वेळी छोट्या टेम्पोत घालून न्यायची. आणि तिचा मेंटेनन्स किलोमीटरवर चालत नाही, इंजिन किती तास चाललं त्यावर चालतो. मुद्दा असा की तीसुद्धा कारखान्यातून ७५ ते ८५ किलोंच्या रायडरसाठी लावून येते. तेरा लाख दिले तरी तुम्हाला सॅग मोजावाच लागला असता.

स्प्रिंग कुठून आणायची? बाहेरच्या कंपन्यांच्या मिळतात, कस्टम ड्युटी आणि वाट पाहणं धरून. दुसरी वाट, भोसरी-चिंचवड पट्ट्यातून नमुन्याबरहुकूम वळून घेणं. त्यात सावध राहा. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे तार फक्त ५ टक्के जाड घेतली तरी स्प्रिंग २० टक्क्यांहून जास्त कडक होते. ‘जरा जाड तार टाका’ म्हणून आणलेल्या स्प्रिंगने गाडी दगडासारखी होते ती यामुळे. फोर्कच्या बाबतीत जुना जुगाड असा की स्प्रिंगचे काही वेढे कापायचे आणि त्या जागी नळीचा तुकडा घालायचा. ४० वेढ्यांतले ४ कापले तर उरलेली स्प्रिंग साधारण ११ टक्के कडक होते, हिशोब बरोबर आहे. पण वेढे कमी झाले की फोर्क पूर्ण दबण्याआधीच वेढ्याला वेढा टेकण्याची भीती असते, आणि तसं झालं तर शेवटचा दणका थेट लोखंडावर. किती जागा उरते हे मोजूनच कापा, नाहीतर कापू नका.

फोर्कचं तेल हा तिसरा, स्वस्त उपाय. तेलाच्या वर जी हवा कोंडलेली असते तीही स्प्रिंगसारखं काम करते, विशेषतः शेवटच्या एक तृतीयांश ट्रॅव्हलमध्ये. पातळी १० मिमीने वाढवली की फोर्क टोकाला आपटणं कमी होतं, सुरुवातीचं मऊपण मात्र तसंच राहतं. जड माणसासाठी जाड तेल हा गॅरेजचा ठरलेला सल्ला असतो. मी तो सहसा देत नाही, कारण जाड तेलाने वर सांगितलेला कडक दणका आणखी वाढतो आणि रिबाउंडही विनाकारण मंदावतो. आधी स्प्रिंग, मग पातळी, शेवटी गरज पडली तर जाडपणा.

क्लिकवाली गाडी घेतलीत तर पहिल्याच दिवशी एक काम करा. प्रत्येक स्क्रू घड्याळाच्या दिशेने अलगद टेकेपर्यंत फिरवा, किती क्लिक झाले ते फोनमध्ये लिहा आणि परत तिथेच आणून ठेवा. जोर लावून आवळू नका, आतली सुई खराब होते. मग दीड-दोनशे मीटरचा एकच तुकडा निवडा, ज्यात दगड, छोटा चढ आणि एक ब्रेकिंगचं वळण आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन क्लिक, आणि तोच तुकडा त्याच वेगाने पुन्हा चालवा. पुढचं आणि मागचं एकाच दमात बदललंत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

रिबाउंड म्हणजे दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत उघडतं ते. फार मोकळा असेल तर दगडावरून उतरताना सीट ढुंगणाला लाथ मारते, पुढचं चाक उडतं. फार मंद असेल तर गोष्ट फसवी होते. पहिला दणका छान जातो, दुसरा बरा, चौथ्या-पाचव्याला गाडी एकदम कडक लागते, कारण आधीचं उघडायच्या आतच पुढचा दगड येतो आणि सस्पेन्शन खाली खाली बसत जातं. लोकांना वाटतं कॉम्प्रेशन कडक आहे, ते कॉम्प्रेशन सैल करतात आणि गाडी आणखी बसते. ओळीने येणाऱ्या दगडांत गाडी कडक लागली, तर आधी रिबाउंड दोन क्लिक मोकळा करून बघा. कॉम्प्रेशनला हात घालायचा तो ब्रेकवर नाक फार बुडत असेल किंवा फोर्क वारंवार टोकाला जात असेल तर. तासाभराच्या चालवण्यात फोर्क एक-दोनदा टोकाला टेकणं मात्र योग्यच आहे. कधीच टेकत नसेल तर तुम्ही पैसे दिलेलं ट्रॅव्हल वापरत नाही आहात. फोर्कच्या नळीला एक बारीक झिप-टाय सैलसर बांधा, तो किती सरकला त्यावरून कळतं.

जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, तेव्हापासून सस्पेन्शन कडक म्हणजे भारी असा एक समज पुण्यात पसरलाय. सुपरक्रॉसचे रायडर उंच उड्या मारून खाली उतरतात, त्यांचं सस्पेन्शन मुद्दाम कडक असतं. तीच गाडी वेल्ह्याच्या ओढ्यात घातली तर गोट्यागोट्यावरून टणाटण उडेल.

हे सगळं करण्याआधी टायरची हवा बघा, कारण तीही सस्पेन्शनच आहे. रस्त्यावरची तीस पीएसआय घेऊन दगडात घुसलात तर कुठलाही क्लिक उपयोगाचा नाही. ट्यूब असलेल्या टायरला, तुमच्या वजनाला आणि आपल्या धारदार दगडांना १८ ते २० च्या खाली जाऊ नका. त्याखाली ट्यूब रिम आणि दगडात चिमटून पंक्चर होते. हवेचा पंप पाठीवर ठेवा आणि डांबराला लागलात की परत भरा.

उंचीचं काय? ५ फूट ६ इंचाला ८९० ची सीट ऐकूनच धडकी भरते. पण हा आकडा मोकळ्या गाडीचा असतो. तुमच्या वजनाने ती सॅगएवढी, म्हणजे ७० मिमीच्या आसपास खाली येते, आणि ट्रेलच्या गाडीची सीट अरुंद असल्यामुळे पाय सरळ खाली जातो. शिवाय ट्रेलवर दोन्ही पाय टेकवायचे नसतात. एक पाय, तोही उंच बाजूला. एवढं करूनही जमत नसेल तर सीटचा फोम कमी करा. केएलएक्सला लिंकेज (मागचं चाक आणि मागचा शॉक यांना जोडणाऱ्या पट्ट्या) आहे म्हणून कोणी लांब लिंक घालून गाडी खाली करून द्यायला निघाला तर नकार द्या. लिंक बदलली की चाक आणि शॉकमधलं गुणोत्तर बदलतं, गाडी तुमच्यासाठी आणखी मऊ होते, आणि जड माणसाची मूळ तक्रारच दुप्पट होते.

आता माझी निवड. तुम्ही लिहिलेल्या भागात, तुमच्या वजनाला, मी केएलएक्स घेईन आणि उरलेल्या पैशांतून पुढच्या-मागच्या स्प्रिंग बदलून घेईन. १३९ किलोंची गाडी योग्य स्प्रिंगवर, ही १७७ किलोंच्या चांगल्या फोर्कपेक्षा पावसाळ्यात तुम्हाला जास्त लांब नेईल. मात्र तिची टाकी लहान आहे, साडेसात लिटरच्या आसपास, आणि हायवेवर तिचा जीव दमतो. दर महिन्याला कोकणात उतरणं, साताऱ्याकडे लांब पल्ले, असं काही डोक्यात असेल आणि प्रश्नात लिहायचं राहून गेलं असेल, तर माझं उत्तर बदलतं: २३० ट्रॅव्हलवाली एन्ड्युरो आर घ्या आणि चिखलात कधी एकटे जाऊ नका. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे आणि खालच्यांवर १८, त्यामुळे ऑन-रोड किंमत त्याच आठवड्यात विचारून घ्या. एन्ड्युरो आर चाकणला बनते म्हणून पार्ट पुण्यात लगेच मिळतील, असंही धरून चालू नका. केएलएक्सची आर एस नावाची आवृत्ती स्वस्त दिसेल, पण तिचीही नोंदणी होत नाही. शोरूममध्ये हे तोंडी विचारून थांबू नका, बिलावर बघा.

एक्सपल्स २१० वाईट आहे असं अजिबात नाही. पण तुमच्याकडे २०० आहे. नवीन गाडीत पुढे २० आणि मागे ३५ मिमी मिळतील, इंजिन मोकळं पळेल, वजन मात्र वाढेल, आणि मऊ पुढच्या अंगाची तक्रार तीच राहील. तेवढे पैसे घालवण्याआधी सध्याच्या गाडीचा सॅग मोजून, फोर्कची स्प्रिंग आणि तेलाची पातळी लावून एक पावसाळा चालवा. खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे, आणि तुम्हाला खरंच जास्त ट्रॅव्हल हवंय की फक्त योग्य स्प्रिंग हवी होती, ते कळेल.

कुठलीही घेतली तरी पावसाळ्यानंतरची दोन कामं चुकवू नका. फोर्कच्या सीलखाली माती अडकते, ती पातळ प्लास्टिकच्या पट्टीने काढा. तेल पाझरायला लागलं म्हणून लगेच सील बदलायची गरज नसते, निम्म्या वेळा नुसता कचरा असतो. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशर गन लिंकेजच्या आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर मारू देऊ नका. पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि दिवाळीपर्यंत मागचं अंग कुरकुरायला लागतं. ऑक्टोबरात लिंकेज खोलून ग्रीस भरून घ्या. बेअरिंग आणि सील नाना पेठेत मापावरून मिळून जातात.

टेस्ट राइडला जाताना बूट-हेल्मेटसकट पूर्ण गिअर घालून जा, टेप आणि एक मित्र सोबत घ्या (तोच, प्रीलोडवाला, चालेल). शोरूमवाल्याने हरकत घेतली नाही तर तिथेच तिन्ही मापं घ्या आणि इथे टाका. त्यावरून कुठल्या टोकाची स्प्रिंग बदलावी लागेल आणि साधारण किती कडक, ते सांगतो.